देव मला घेईल का? बाबांच्या प्रश्नाला काय उत्तर देऊ?

गिरणाकाठची

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वाचतेच, लिहीत नाही. आज लिहायला बसले, कारण घरात हे कुणाशी बोलता येत नाहीये.

आमचं घर ख्रिस्ती, पणजोबांपासून. बाबा रेल्वेत पॉइंट्समन होते, सगळी नोकरी भुसावळात गेली. आता वय ७९. फुफ्फुसं थकली आहेत, घरीच ऑक्सिजनचं मशीन लावलंय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की फार दिवस नाहीत. मरणाची बाबांना भीती नाही. पण गेले तीन आठवडे रात्री अडीचच्या सुमारास उठून बसतात, गोधडीची कड मुठीत धरतात आणि विचारतात, "बेटा, देव मला घेईल का?"

मी म्हणते, बाबा, तुम्ही जन्मभर मंडळीत (चर्चमध्ये) गेलात, एक उपासना चुकवली नाहीत. ते मान हलवतात. "ते जाणं वेगळं."

परवा त्यांनी सांगितलं. १९७२ चा दुष्काळ. काका पाचोऱ्याकडच्या आमच्या खेड्यातून आले होते, अर्धी वाट चालत. क्वार्टरच्या ओट्यावर बसले, दोन तांबे पाणी प्यायले आणि म्हणाले, "भाऊ, दाना शे का थोडा?" बाबा म्हणाले, "घरमा काहीच नही." खाटेखाली अर्धं पोतं ज्वारी होती. आई तेव्हा पहिलटकरीण, तिला पुरली पाहिजे असं बाबांच्या मनात. पण पोत्याचा एक कोपरा चादरीखालून बाहेर दिसत होता. काकांनी तो पाहिला. काही बोलले नाहीत. चपला पायात सरकवल्या आणि निघून गेले. पुढे वीसेक वर्षं जगले, लग्नकार्यात भेटायचे, पण तो विषय कधी निघाला नाही. मग एक दिवस ते गेल्याची तार आली.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, रविवारी बाबा शेवटच्या बाकावर का बसायचे हे मला आत्ता कळलं. थाळी आली की शेजारच्याकडे सरकवायचे. लहानपणी मला वाटायचं, दात दुखत असतील.

"कृपेनेच तुमचे तारण झालेले आहे" हे वचन मी रविवारच्या शाळेपासून पाठ म्हणतेय. रात्री अडीच वाजता या माणसाला ते कसं पोहोचवायचं, ते मला येत नाही. कृपा म्हणजे नेमकं काय? तिच्यामुळे देवाबरोबर शांती होते म्हणजे काय होतं? जाणत्यांनी सांगावं. धर्म कुठलाही असो, सगळ्यांनी लिहावं.

---

शेंदुर्णीकर

वाचून गलबलून आलं ताई. बाबांना आराम पडो. जाणकारांची वाट बघतो.

---

पाळकाची_लेक

जय ख्रिस्त ताई. मी नवापूरची. वडील पाळक (चर्चचे धर्मगुरू) होते, आजाऱ्यांच्या खाटेशी त्यांच्याबरोबर लहानपणापासून बसत आलेय. तुमच्या बाबांचा प्रश्न मी अनेक तोंडून ऐकलाय, आणि तो विचारणारी माणसं बहुतेक वेळा मनानं देवाच्या फार जवळ असतात.

बायबलमध्ये शांतीबद्दल दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो. रोमकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात प्रेषित पौल म्हणतो की विश्वासाने नीतिमान ठरवलं गेल्यामुळे आपल्याला ख्रिस्ताच्या द्वारे देवाबरोबर शांती आहे. फिलिप्पैकरांस पत्राच्या ४ थ्या अध्यायात दुसरी, देवाने दिलेली शांती, जी मनाचं रक्षण करते. दुसरी मनाला वाटते. पहिली वाटण्यावर नाही. ती म्हणजे दोन घरांतला दावा निकाली निघणं. कोर्टात निकाल लागला तरी घरी येऊन माणूस रात्रभर तळमळतो, छातीत धडधडतं, पण दावा संपलेला असतो. 'नीतिमान ठरवणे' हा शब्दसुद्धा न्यायालयातलाच आहे. निर्दोष सोडणे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्याच अध्यायात पुढे १० व्या वचनात आहे की आपण शत्रू असतानाच समेट झाला. आपल्याकडे भाऊबंदकी मिटवायची असली की ज्याची चूक त्यानं आधी पायरी चढायची. इथे ज्याचा अपराध झाला तोच उठून आपल्या दारी आला. कृपा म्हणजे हे येणं. आपली लायकी बघून दिलेलं ते बक्षीस नाही. देवाच्या स्वभावातूनच ते निघतं.

बाबांना म्हणावं, तुम्ही दुसरी शांती शोधताय आणि ती सापडत नाही म्हणून पहिलीही नाही असं समजताय.

---

हिशेबनीस

मी ख्रिस्ती नाही, फारसा देवभक्तही नाही. ताईंनी सगळ्यांना लिहा म्हटलंय म्हणून लिहितो. वडिलांबद्दल पूर्ण आदर आहे.

मला हे पटत नाही. उपाशी भावाला परत पाठवलं, पन्नास वर्षांनी देवाने फुकट माफ केलं, विषय संपला? मग सरळ वागणाऱ्याने सरळ का वागावं? आयुष्यभर लुबाडणारा शेवटच्या दिवशी 'देवा, चुकलो' म्हणाला की तोही पार? माझ्या धंद्यात ताळेबंदात एका बाजूचा आकडा खोडला तर दुसऱ्या बाजूला तो कुठेतरी दाखवावाच लागतो. आकडा नाहीसा होत नाही.

---

सालदाराचा_नातू

हिशेबनीस, तुमच्या शेवटच्या वाक्यावरच लिहितो. माझ्या घरची गोष्ट आहे.

माझा आजा शहाद्याकडे सालदार होता. नव्या पिढीसाठी सांगतो: आखाजीला (अक्षय्यतृतीयेला) वर्षभराच्या शेतमजुरीचं साल ठरायचं. वर्षाचे इतके रुपये, इतकं धान्य, एक कपड्याचा जोड, चपला. घरात लग्न, दुखणं निघालं की मालकाकडून उचल घ्यायची. कामाला खाडा झाला की दिवस कापले जायचे. पुढच्या आखाजीला वही उघडली की उचल फिटलेली नसायचीच, उलट वाढलेली. मग त्याच मालकाकडे पुढचं साल. आजानं आत्याच्या लग्नाला घेतलेली उचल नऊ वर्षं फिटली नाही. आमच्या भागात सालदारांचे काय हाल होते आणि शेतमजुरांचे पुढारी अंबरसिंग सुरतवंती यांच्या मागे माणसं का उभी राहिली हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. आजाचा मालक त्या मानानं भला, पण वही ती वहीच.

एका आखाजीला मालकानं वही उघडली, आजाच्या पानावर वरपासून खालपर्यंत तिरपी रेघ ओढली आणि म्हणाला, "आता तुझं माझ्याकडे काही नाही. मन असेल तर साल धर, नसेल तर दुसरीकडे जा." का केलं हे त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. आजा अक्षर न ओळखणारा. त्यानं त्या रेघेवर अंगठा फिरवून पाहिला, शाई ओली होती, बोटाला लागली. घरी येऊन त्यानं ते बोट आजीला दाखवलं.

आता हिशेबनीस, तुमचा आकडा. तो हवेत गेला नाही. मालकाच्या घराचं छत गळत होतं, त्या पैशातून नवीन माळवद घालायचं ठरलं होतं. ते राहिलं. त्या पावसाळ्यात मालकाच्या घरात जागोजागी भांडी लावलेली आजानं डोळ्यांनी पाहिली. माफ केलेलं कर्ज माफ करणाऱ्याच्या अंगावर पडतं. मी पुढे मंडळीत आलो तेव्हा कलस्सैकरांस पत्रातलं वाचलं, की आपल्याविरुद्धचं ऋणपत्र देवानं खोडलं आणि वधस्तंभाला खिळलं. मला अर्थ विचारावा लागला नाही. मला ती भांडी दिसली.

आणि ताई, हे खास तुमच्या बाबांसाठी. आजा दुसऱ्या दिवशी कामावर गेला तो गोठ्याकडच्या मागच्या वाटेनं. कर्जदार सालदार म्हणून नऊ वर्षं तीच वाट. मालक म्हणाला, समोरून ये ना. आजाचे पाय वळेनात. समोरच्या दारानं यायला त्याला महिना लागला. कर्ज रेघेसरशी गेलं होतं, महिना लागला तो पायांना. बाबांचे पाय अजून मागच्या वाटेवर आहेत. रेघ मात्र ओढून झालीय.

---

शेंदुर्णीकर

मागच्या वाटेचं वाचून थांबलोच.

---

टाळकरी

रामकृष्ण हरी. मी रावेरचा, केळीवाला, घरात पिढ्यान्‌पिढ्या माळ. सालदाराच्या नातवानं वही काढली म्हणून आठवलं. तुकोबांच्या घरी सावकारी होती. दुष्काळात घरची माणसं गेली, त्यानंतर त्यांनी कर्जखतं बाहेर काढली. भाऊ कान्होबाचा वाटा कान्होबाला देऊन टाकला आणि आपल्या वाट्याची सगळी इंद्रायणीत बुडवली. आमच्याकडे कीर्तनात हा प्रसंग आला की म्हातारी माणसं डोळे पुसतात. कुणाकुणाचं काय काय बुडालं असेल त्या कागदांबरोबर.

कृपा हा शब्द आम्हालाही परका नाही. पतितपावन म्हणून आम्ही विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवतो ते काही पुण्याचा दाखला घेऊन नाही. ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक सांगत की तुकोबांच्या सेतूवरून मी ख्रिस्ताकडे आलो. सगळं एकच आहे असं मी म्हणणार नाही, कारण तुमच्याकडे वधस्तंभ आहे, तो कुणाकडे नाही, आणि आमच्याकडे कर्माचा विचार आहे, तो तुमच्याकडे त्या रूपात नाही. पण रात्री अडीचला उठून बसलेला म्हातारा दोन्हीकडे सारखाच.

ताई, बाबांना माझा दंडवत सांगा.

---

निनावी_पाहुणा

हा धागा धर्मप्रचाराकडे चाललाय. संपादकांनी लक्ष घालावं.

---

टाळकरी

पाहुणे, लेकीनं बापासाठी विचारलंय. मी माळकरी माणूस तीन दिवस इथे येऊन वाचतोय, मला कुणी काही विकलं नाही. चालू द्या.

---

जंक्शन_भुसावळ

मी कॅथलिक, तुमच्या बाबांच्याच गावची. माझे वडील लोको शेडला होते, कदाचित ओळखतही असतील एकमेकांना. (अवांतर: क्वार्टरचे ते ओटे! उन्हाळ्यात संध्याकाळी पाणी मारलं की वाफ निघायची आणि सगळी गल्ली तिथेच जेवायला बसायची.)

पाळकाची_लेक यांनी लिहिलेलं पटलं, पण कोर्टाच्या उपमेत मला काहीतरी कमी वाटतं. आमच्या धर्मशिक्षणात कृपेकडे औषध म्हणूनही बघायला शिकवतात. देव माणसाला निर्दोष म्हणतो आणि तेवढ्यावर सोडत नाही, त्याला आतून बरा करत आणतो. म्हणून आमच्यात फादरांकडे पापनिवेदन असतं. पुष्कळांना वाटतं ती हजेरी आहे. मला विचाराल तर तो एक मोठा आधार आहे, कारण तिथे दुसऱ्या माणसाच्या तोंडून, कानांना ऐकू येईल असं, क्षमा झाल्याचं वाक्य उच्चारलं जातं. त्या वाक्यात 'क्षमा' आणि 'शांती' हे दोन्ही शब्द लागोपाठ येतात. एकट्यानं मनात म्हटलेल्या क्षमेवर मनच शंका घेतं. ताईंच्या बाबांनी पन्नास वर्षांत हे पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं, ते लेकीला. मला वाटतं औषध तिथेच सुरू झालं.

---

पाळकाची_लेक

@जंक्शन_भुसावळ, आमच्याकडे पाळकापुढे निवेदन सक्तीचं नाही, पण याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापं कबूल करा असं आहेच, आणि आम्ही ते फार कमी करतो हे मला मान्य आहे. तरी एक सांगते. माझ्या वडिलांचा आग्रह होता की बरं होणं आधी आणि स्वीकार नंतर, असा क्रम कधी लावू नये. नाहीतर माणूस रोज स्वतःची नाडी बघत बसतो, आज बरा झालो का, आज पुरेसा पस्तावलो का. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा मार्टिन लूथर मठात असताना नेमका यातच अडकला होता. तासन्‌तास निवेदन करायचा आणि काही राहून तर गेलं नाही ना म्हणून पुन्हा घाबरायचा.

---

जंक्शन_भुसावळ

क्रमाबद्दल आमचंही तसंच आहे हो. कृपा आधी, आपलं पाऊल नंतर. लूथरनंतर यावरून चारशे-पाचशे वर्षं भांडण झालं, पण ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्गला आमच्या चर्चनं आणि लूथरन लोकांनी मिळून जाहीरनाम्यावर सह्या केल्या, की आपल्या कुठल्याही पुण्याईमुळे नव्हे, केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो. २००६ मध्ये मेथडिस्ट पंथाचे लोकही त्यात आले. सगळे मतभेद मिटले असं नाही. पण तुमच्या बाबांच्या खाटेशी फादर आले काय आणि पाळकसाहेब आले काय, या एका गोष्टीत दोघं एकच बोलतील.

---

हिशेबनीस

सालदाराच्या नातवाचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. आकडा देणाऱ्याच्या अंगावर पडतो हे मान्य. माझा एक मुद्दा निकाली. दुसरा आहेच. इतकं स्वस्तात मिळालं तर माणूस सुधारेल का?

---

वाचनवेडा_अमळनेर

स्वस्त हा शब्द ख्रिस्ती लोकांनीच आधी वापरलाय. बोनहोफर नावाचा जर्मन पाळक होता, १९३७ मध्ये त्यानं 'स्वस्त कृपा' या नावाखाली आपल्याच चर्चवर आसूड ओढला. पश्चात्तापाशिवाय क्षमा वाटत सुटणं ही कृपा नव्हे, कृपा फुकट मिळते पण ती महाग आहे, कारण देवाला तिची किंमत पुत्राच्या जिवानं मोजावी लागली, असं त्याचं म्हणणं. हिटलरला विरोध केल्याबद्दल एप्रिल १९४५ मध्ये त्याला फाशी दिलं. तेव्हा तो बोलघेवडा नव्हता.

सुधारण्याबद्दल जॉन न्यूटनचं उदाहरण बघा. इंग्रज, गुलामांच्या व्यापारातला खलाशी. १७४८ मध्ये समुद्रात वादळात सापडला, देवाचा धावा केला, वाचला, त्या दिवसाला तो जन्मभर आपला नवा जन्म मानत आला. आणि त्यानंतरही १७५४ पर्यंत तो गुलामांचा व्यापार करतच होता, कप्तान म्हणून! या व्यापाराविरुद्ध उघडपणे लिहिलं ते १७८८ मध्ये, चाळीस वर्षांनी, आणि लिहिताना स्वतःचा वाटा लपवला नाही. १८०७ मध्ये इंग्लंडच्या संसदेनं तो व्यापार बंद केला, त्याच वर्षाअखेर न्यूटन वारला. चाळीस वर्षं म्हणजे फार उशीर, त्या काळात त्याच्या जहाजातून गेलेल्यांना कुणी परत आणलं नाही. पण कृपेनं त्याला आळशी केलं नाही, हळूहळू खरं बोलायला लावलं. वही कोरी झालीय असं ज्याला कळतं त्यालाच जुनं पान उघडून बघायचं धैर्य येतं, असं मला वाटतं. नाहीतर माणूस पोत्याचा कोपरा झाकतच राहतो.

आणि याच न्यूटनचा शेजारी होता कवी कूपर. दोघांनी मिळून भक्तिगीतं लिहिली. कूपरला मनाचा आजार होता, आणि देवानं आपल्याला टाकलंय या समजुतीतच तो १८०० मध्ये गेला. त्याची गीतं म्हणून हजारोंना शांती मिळाली, त्याला स्वतःला ती जाणवली नाही. न्यूटननं त्याला कधी सोडलं नाही आणि तो देवाचाच आहे याबद्दल कधी शंका घेतली नाही. पाळकाची_लेक म्हणतात ते वाटणं आणि असणं मला कूपरमुळे कळलं.

---

आखाजी

मी धुळ्याची, माहेर साक्रीकडे. इथं सगळे मोठमोठं लिहितात, मी घरातलं सांगते. आमच्या मंडळीत एक म्हातारी होती, ती लूकच्या १५ व्या अध्यायातली उधळ्या पोराची गोष्ट अहिराणीत सांगायची. बापाचा पैसा उधळून बसलेलं पोरगं डुकरांमागं असतं, पोटात काही नाही, तेव्हा ते बोलायचं पाठ करतं: 'बा, मी चुकनू. तुना पोऱ्या म्हनाले मी लायक नही. माले तुना एक सालदार कर.' वाटभर तेच घोकत येतं. बाप लांबूनच बघतो आणि धावत सुटतो. मग म्हातारी थांबायची आणि विचारायची, "पोऱ्यानी पुरं बोलनं का?" आम्ही म्हणायचो हो. ती म्हणायची, "नही! नीट वाचा!"

आणि खरंच. घोकताना तीन वाक्यं आहेत, १९ व्या वचनात सालदाराचं वाक्य आहे. बापापुढे उभा राहतो तेव्हा २१ व्या वचनात दोनच. तिसऱ्या वाक्याआधीच बाप चाकरांना सांगतो, झगा आणा, अंगठी आणा, पायात जोडे घाला. सालदार ठेव हे त्याला बोलूच दिलं नाही.

सालदाराच्या नातवाचं वाचलं आणि अंगावर काटा आला. ते पोरगं मागच्या वाटेनंच यायला निघालं होतं ना.

---

पाळकाची_लेक

आखाजी, फार सुंदर. एक बारीकशी दुरुस्ती: मराठी बायबलात तिथे 'मोलकरी' आहे, मूळ ग्रीक शब्दही रोजानं जाणाऱ्या मजुराचा. सालदाराला निदान वर्षाची हमी, याला तेवढीही नको होती. म्हातारीचा सालदार खान्देशातला, त्याला हात लावायचा नाही हे आहेच.

---

सालदाराचा_नातू

म्हातारीच बरोबर. मी ठाम आहे.

---

हिशेबनीस

काल रात्री मत्तयाचा १८ वा अध्याय वाचला (मोबाईलवर सापडला). राजाचा एक चाकर दहा हजार टॅलंटचा देणेकरी. खाली टीप होती की एक टॅलंट म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. मी मांडून बघितलं. सहा कोटी दिवस. एक लाख चौसष्ट हजार वर्षं, रविवारची सुट्टी न घेता. हा चाकर म्हणतो, 'मला मुदत द्या, सगळं फेडीन.' आकडा मांडला आणि त्या 'फेडीन'वर मी अडकलो. हे फेडण्यातलं कर्जच नाही. राजा मुदत देतच नाही, सोडून देतो. तोच चाकर बाहेर जाऊन शंभर दिनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरतो, तेव्हा राजा संतापतो. म्हणजे कृपा मिळालेल्यानं कसं वागावं याचं उत्तर तिथे आहे. माझा दुसरा मुद्दाही मी मागे घेतो.

पण तिसरा आहे आणि तो मला झोपू देत नाही. काकांचं काय? देवानं सोडलं. रिकाम्या हातानं परत गेले ते काका. त्यांनी सोडलं का? त्यांच्या वतीनं देव सोडू शकतो का?

---

पाळकाची_लेक

दादा, या धाग्यावरचा सगळ्यात कठीण प्रश्न तुम्ही विचारलात. माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढं सांगते की येशूनं स्वतः म्हटलंय, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. देवाबरोबरची शांती माणसाला भावाच्या दाराकडे ढकलते. जक्कय जकातदाराचं बघा. येशू त्याच्या घरी जेवायला गेला, आणि मग जक्कय उठून म्हणाला, ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट परत देतो. चौपट दिल्यावर येशू आला असं नाही.

ताई, काका नाहीत. काकांची मुलं आहेत का?

---

गिरणाकाठची

बारा दिवसांनी येतेय. सगळ्यांचे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले, रोज रात्री थोडे थोडे. अडीच वाजता जागे असतातच. मागच्या वाटेचं दोनदा वाचायला लावलं. हिशेबनीस दादांचा आकडा ऐकून म्हणाले, "हा माणूस रेल्वेच्या अकाउंट्सला पाहिजे होता."

पाळकाची_लेक यांचा प्रश्न वाचला तेव्हा बराच वेळ बोलले नाहीत. सकाळी म्हणाले, "धाकट्याच्या पोराला बोलव."

पुतण्या म्हणजे माझा चुलतभाऊ, पाचोऱ्याकडेच शेती करतो. रविवारी दुपारी आला. बाबांनी मशीनची नळी काढायला लावली, म्हणाले हे नळी लावून बोलायचं नाही. मला धडकी भरली होती. सगळं सांगितलं, पोत्याच्या कोपऱ्यासकट. मधे मधे धाप लागत होती. चुलतभाऊ खाली बघत ऐकत होता. मग काही न बोलता उठून ओट्यावर गेला. अर्धा तास तिथे बसला होता, मी चहा नेला तो तसाच गार झाला. मला वाटलं आता हा निघून जाणार, काकांसारखा.

आत आला तेव्हा म्हणाला, "बापानं आम्हाला कधी सांगितलं नाही. त्या वर्षी आईनं काय काय शिजवून घातलं ते मला आई सांगायची. मोठेबाबा, मी माफ करणारा कोण, ते त्याचं त्याला. पण मी आलोय ना. मी जेवून जाईन." मी कळण्याची भाकरी टाकली, ठेचा होता, वांग्याचं भरीत केलं. खाटेजवळच ताट मांडलं. बाबांनी स्वतःच्या हातानं त्याच्या ताटात भाकरी वाढली. हात थरथरत होता, अर्धी भाकरी ताटाबाहेर पडली. त्यानं ती उचलून खाल्ली.

हिशेबनीस दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर झालं असं मी म्हणणार नाही. काकांचं ते काकांकडेच राहिलंय. बाबाही तसंच म्हणाले: "वर गेल्यावर पहिलं त्याला शोधीन."

बुधवारी पाळकसाहेब घरी प्रभुभोजन घेऊन आले. मी सवयीनं थाळी आधी आईपुढे धरली. बाबांनी गोधडीतून हात बाहेर काढला आणि तळवा उघडून पुढे केला.

अजून अडीचला जाग येते. पण आता विचारत नाहीत, मला प्रार्थना म्हणायला लावतात. 'आमची ऋणे आम्हांस सोड' इथे आलं की माझ्याबरोबर ओठ हलवतात. काल मधेच झोप लागली.

---

आखाजी

ताई, रडतेय मी. एवढंच.

---

हिशेबनीस

बाबांना सांगा, अकाउंट्सवाला त्यांची आठवण काढतोय. उत्तर झालं नाही तरी चालेल.

---

टाळकरी

राम कृष्ण हरी. आमचा एक ट्रक शुक्रवारी भुसावळवरून जातो. बाबांना केळी चालतात का?

---

गिरणाकाठची

चालतात काका. कुस्करून, थोडं दूध घालून देते.